ध्वनिनाथाचा फोन आणि रुचिकाची गोळी

फोन वाजला आणि मैदानातली सगळी माणसं एकदम उठून उभी राहिली. शाळेत तपासणीला साहेब आले की पोरं उठतात ना, तशी. बायांनी डोक्यावर पदर घेतले, गड्यांनी टोप्या काढल्या. माझ्या शेजारच्या कलाबाईने तर पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या, कारण फोन वरून आला होता. वरून म्हणजे तालुक्याच्या तुमसरवरून नव्हे. स्वर्गातून.

मी थाप मारत नाही. म्हणजे एरवी मारतो. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत माझा सगळा जन्म गेला. जमिनीखालच्या अंधारात भाकर सोडताना माणसाने गोष्टी सांगायच्या नाहीत तर काय करायचं? माझं नाव श्रावण, आणि श्रावण म्हटलं की थापा, हे आमच्या वसाहतीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण माझ्या थापेने कोणाचं पोट दुखलं असेल तर ते हसून. जी थाप ऐकून एक पोरगी अंथरुणात तळमळत पडते, ती माझ्या दुकानातली नाही. ही गोष्ट तसल्या थापेची आहे, आणि ती सांगताना अजून माझ्या कानशिलाची शीर ताडताड उडते.

तर फोन. चौरंगावर लाल मखमल, तिच्यावर झेंडूच्या माळा, आणि माळांच्या मधोमध काळाभोर टेबलफोन. उचलायचा रिसीव्हर, आकड्यांची बटणं, वर पाटीसारखी निळसर काच. बाजूला ध्वनिनाथ महाराज. दाढी काळी, कफनी केशरी, आणि आवाज असा की बँडवाल्याने ताशा बाजूला ठेवून ऐकत राहावं. कुठून आले कोणाला माहीत नव्हतं. दिवाळीनंतर आले आणि वसाहतीच्या मैदानात मांडव टाकून बसले.

"बघा बाळांनो, या फोनला तार आहे का?"

"नाही!"

"सिम आहे का?"

"नाही!"

"मग वाजतो कशाने?"

"नादाने!"

"नादाने!" महाराज डोळे मिटत. "यमलोकात टॉवर नसतो. तिथे रेंज फक्त नादाची. देह म्हणजे हँडसेट, आत्मा म्हणजे सिम. हँडसेट जळतो, सिम जळत नाही! आणि कर्माचं रिचार्ज संपलं नसेल, तर गेलेला माणूस तुमच्याशी बोलतो. बोलतो म्हणजे बोलतोच!"

खरं सांगू? पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात दाद दिली. सुताराने सुताराचा पाट उलटून बघावा, तसं ते बोलणं मी उलटून पालटून बघितलं. घडाई चांगली होती. राग नंतर आला.

फोन वाजायचा आणि काचेवर इंग्रजी अक्षरांत मेलेल्या माणसाचं नाव उमटायचं. महाराजांचा चेला विक्की, डोळ्यावर काळा चष्मा आणि हातात सदा मोबाईल, तो नाव मोठ्याने वाचायचा. महाराज बटण दाबायचे आणि कांबळं पांघरून बोलावं तसा आवाज मांडवभर घुमायचा. कलाबाईशी तिची सासू बोलली. बाबूलालशी त्याचा काका बोलला. आवाज जुळत नाही असं कोणी म्हटलंच, तर विक्की सांगायचा, "वरची हवा वेगळी आहे ना मावशी, घसा बसतो."

इथवर तमाशाच होता. मग चंद्रकलेचा नंबर लागला.

चंद्रकला म्हणजे भैय्यालालची बायको. भैय्यालाल खाणीत माझा जोडीदार. गेल्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि गेला. मागे ही बाई आणि रुचिका, नववीतली पोरगी. रुचिकाला सिकलसेल. आमच्या भागात हा आजार घरोघर ठाऊक आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांमध्ये अडकतात, आणि हाडांत कोणी सुरुंग लावल्यासारखं दुखतं. मुळासकट तो जात नाही, पण रोजची गोळी घेतली तर दुखण्याचे झटके कमी येतात. भैय्यालाल जिवंत असताना पहिली पाळी असो की दुसरी, पोरीने गोळी गिळलेली बघितल्याशिवाय जेवायला बसत नव्हता. आणि त्याच भैय्यालालचा आवाज त्या फोनमधून काय म्हणाला?

"चंदे... पोरीची ते विलायती गोळी बंद कर. गोळी हाय तवरोक नादजल लागू होत नाही. मले वरून सगळं दिसून राहिलं, चंदे."

चंदे असं तिला फक्त तोच म्हणायचा. बाई जागच्या जागी कोसळली. उठली ती नादजलाच्या, म्हणजे महाराज मंतरून विकत त्या पाण्याच्या, बाटल्या पदरात घेऊन.

काही आठवड्यांनी एका सकाळी रश्मी आली. रश्मी माझ्या बहिणीची नात. तुमसरला सिकलसेलच्या रुग्णांसाठी एक संस्था चालते, तिथे ती रुग्णांना समजावून सांगायचं, औषधाची आठवण द्यायचं काम करते. गाडीवरून उतरल्या उतरल्या म्हणाली, "आजोबा, रुचिका औषध न्यायला आलीच नाही. फोन केला तर तिची आई कट करून राहिली. काय झालं?"

मी तिला चंद्रकलेच्या घरी घेऊन गेलो. पोरगी खाटेवर गुडघे पोटाशी धरून पडली होती. डोळे हळदीसारखे पिवळे. ओठ चावून चावून फुटलेले. उशाशी नादजलाची बाटली.

"कधीपासून दुखतं ग?" रश्मीने विचारलं.

"रातपासून. मांड्यात... पाठीत..." पुढचं तिला बोलवेना.

"काकू, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला पाहिजे. मी गाडी बोलावते."

चंद्रकला दारात आडवी उभी राहिली. "नाई बाई. तिच्या बापानं मना केलं."

"काकू, भैय्यालाल काका आता नाहीत."

"तुमच्यासाठी नाईत! माह्याशी बोलते तो. आज चार वाजता सभा हाय. मी इचारतो त्याले. तो हो म्हनला तं नेतो. तो नाई म्हनला तं कोनी हात लावाचा नाई माह्या पोरीले."

"अन् दुपारपर्यंत पोरगी अशीच ठेवते का?" मी ओरडलो.

"तुम्ही थापाडे, श्रावनबुवा! तुमचं कोन आयकते?"

बोलली ते बरोबरच होतं. रश्मीने पोरीला भरपूर पाणी पाजलं, तिच्याजवळ शेजारच्या शकुनबाईला बसवलं, आणि डॉक्टरांना फोन करून दवाखान्याची जीप मागवली. जीप येऊन कोपऱ्यावर उभी राहिली, पण आई नाही म्हणते तोवर पोरीला उचलणार कोण? बाहेर येऊन रश्मी माझ्यावरच उखडली. "तुम्ही सगळे मांडवात बसून टाळ्या वाजवून राहिले! कसला फोन आहे तो?"

मी वर्णन केलं. काळा, बटणं, निळी काच, तार नाही, सिम नाही. ऐकता ऐकता तिच्या भुवया जवळ आल्या.

"आजोबा, अस्सा फोन आमच्या केंद्रात टेबलावर आहे! इंटरनेटवरचा फोन. त्याला तार लागत नाही, वायफाय लागतं. फोन पुरवणाऱ्या एका सेवेकडे खातं उघडायचं, त्यांनी दिलेलं नाव, पासवर्ड अन् पत्ता फोनमध्ये भरायचा, झालं. मीच बसवला तो. पहिल्या दिवशी एक आकडा चुकला तर दिवसभर मुका होता."

"अन् मेलेल्याचं नाव कसं उमटते?"

"फोन करणारा आपल्या खात्यात जे नाव लिहील ते. मी माझ्या खात्यात झाशीची राणी लिहिलं तर समोरच्याला झाशीची राणी दिसते."

"मग चल, सांगू लोकायले."

"लोक ऐकतील? काकूंनी ऐकलं?"

नाही ऐकणार. आवाजाने बसलेली भुरळ शहाणपणाच्या चार वाक्यांनी उतरत नाही. ती त्याच आवाजाच्या तोंडून उतरवावी लागते. आणि मेलेल्यांची माहिती महाराजांना कुठून मिळते, हे मला पक्कं ठाऊक होतं. सकाळ झाली की विक्की धुरपताच्या चहाच्या दुकानात येऊन बसायचा आणि ज्याला त्याला प्रेमाने विचारायचा, तुमचं कोण गेलं?

मी जाऊन त्याच्या समोरच्या बाकावर बसलो आणि एक लांब सुस्कारा सोडला.

"काय झालं आजोबा?"

"काही नाई बेटा. भावाची आठोन आली. डोमाची."

चूल फुंकत असलेल्या धुरपताने चटकन तोंड फिरवलं. तिला खोकल्याची मोठी उबळ आली.

डोमा कोण ते सांगतो. डोमा माझा जुळा भाऊ. वाघाच्या पाठीवर बसून पुरातली वैनगंगा ओलांडणारा. खाणीत भूत दिसलं तर त्याच्याकडूनच दगड फोडून घेणारा. त्याच्या गोष्टी ऐकत इथल्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या, आणि त्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे की आईला मुलगा मी एकटाच. डोमा जन्मलाच नाही. खाणीच्या अंधारात वेळ जावा म्हणून मीच त्याला घडवला.

विक्कीसाठी मात्र मी त्याला जरा माणसात आणला. वाघ काढून टाकला. म्हटलं, म्हशीचं शेपूट धरून पवनीच्या घाटावर पूर ओलांडायला गेला, म्हैस आली, भाऊ आला नाही. मला शऱ्या म्हणायचा. हे सांगताना मी इतका छान रडलो की विक्कीने मला चहा पाजला. मग मोबाईलवर त्याचा अंगठा भराभर चालला.

चार वाजता मांडव खच्चून भरला होता. चंद्रकला अगदी पुढे बसली होती, हातात नारळ. मी विक्कीला आधीच गळ घातली होती की बाप्पा, माझा नंबर पहिला लाव, म्हाताऱ्याचा जीव कासावीस झाला आहे.

फोन वाजला. सगळे उठले.

"डोमाजी!" विक्कीने काचेवरचं नाव वाचलं. "श्रावण आजोबांचे बंधू!"

मांडवात अशी शांतता पसरली की मखमलीवरची माशी ऐकू यावी. महाराजांना वाटलं, लोक भारावले. त्यांनी बटण दाबलं.

"शऱ्या..." आवाज आला. "शऱ्या, मी डोमा बोलून राहिलो. पानी लय थंडं होतं रे..."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मी हात जोडले. "डोमा, माह्या राजा! तुहा वाघ कसा हाय?"

मग आवाज म्हणाला, "वाघ... वाघ बी इथंच हाय. सुखात हाय. तुही आठोन काढते."

हसू नुसतं फुटलं. हेमराज, माझ्या वयाचा, तोही खाणीतलाच, बाकावर चढून ओरडला, "अबे, डोमा मेला कवा? तो तं जलमलाच नाई!"

"शांत! शांत!" महाराज ताडकन उठले. "दुष्ट आत्मा शिरला आहे! क्रॉस कनेक्शन!"

"क्रॉस कनेक्शन झालं असेल तर आपण परत लावून बघू ना महाराज," म्हणत रश्मी चौरंगाजवळ पोचलीसुद्धा. विक्की आडवा आला, पण कलाबाईने त्याला कोपराने असा सारला की त्याचा काळा चष्मा झेंडूत जाऊन पडला. रश्मीने आवाज मोठा ठेवला आणि आत्ता ज्या खात्यावरून फोन आला होता त्यालाच उलट फोन लावला.

पलीकडे घंटी वाजली. कोणीतरी उचललं. कांबळ्याखालचा आवाज नव्हता तो. चांगला मोकळा, पान चघळणाऱ्या माणसाचा आवाज होता.

"का बे विक्की? झाला का त्या बुढ्याचा? सांग, आता कोनाचा बाप होऊ?"

हसू जागच्या जागी विझलं. मी आयुष्यात शेकडो सभा हसवल्या, पण हसणारी माणसं अशी एका दमात गप्प झालेली पाहिली नाहीत.

चंद्रकला उठली. नारळ तिच्या हातातून खाली गडगडला, तिला कळलंही नाही. फोनजवळ जाऊन ती वाकली.

"मी चंद्रकला बोलतो."

पलीकडे पान थुंकल्याचा आवाज आला.

"भैय्यालालची बायको. पोरीची गोळी बंद कर म्हनून तूच सांगतलं ना मले?"

"बाई..." तो आवाज चाचरला. "मी नाटकात काम करतो जी. औंदा कोनत्याच कंपनीनं घेतलं नाई. मोबाईलवर जे येते तेवढं मी वाचतो फक्त."

"चंदे हे बी मोबाईलवर आलतं?"

"हो जी."

"ते मीच सांगतलं होतं त्या विक्कीले. रडता रडता सांगतलं होतं." ती फोनशी नव्हे, स्वतःशीच बोलत होती. मग तिने मान वर केली. "माही पोरगी मरून राहिली रे. तू वाचून मोकळा झाला."

खट्. लाईन कट.

आता तरी सगळ्यांचे डोळे उघडावेत की नाही? नाही. मागून बाबूलाल म्हणाला, "पन काही म्हना, तार नाई बाप्पा त्याले! बिनतारेचा वाजते म्हंजे काहीतरी शक्ती असनच." मला त्याच्या डोक्यात चौरंग घालावासा वाटला. माणूस फसतो याचा राग नाही येत. फसल्याचं उघड्या डोळ्यांनी दिसत असताना तो फसवणाऱ्याची वकिली करतो, तेव्हा येतो.

रश्मीने वकिली ऐकत बसण्याऐवजी मखमल ओढली. झेंडू उधळले. चौरंगाखाली गाडीची बॅटरी, तिच्यातून निघून चौरंगाच्या भोकातून वर फोनला गेलेली वायर, आणि हिरवे दिवे लुकलुकवणारी पांढरी डबी.

"हे घ्या तार. ही फोनला वीज देते. अन् या डबीत सिम आहे, तुमच्या मोबाईलमध्ये आहे तसंच. डबी इंटरनेट घेते, हवेतून फोनला देते. फोनमध्ये ज्या सेवेचं खातं भरलं, त्या सेवेचा फोन येतो. स्वर्गाचं खातं भरता येत नाही. बघा, मी माझ्या केंद्राचं भरून दाखवते."

तिने फोनची बटणं दाबली. काचेवर पासवर्ड विचारणारी ओळ आली. ती हसली. "कारखान्यातून आला तोच पासवर्ड ठेवला, महाराज? देवाच्या फोनला कुलूप तरी वेगळं लावायचं." मग एकेक करून, मोठ्याने सांगत, तिने केंद्राच्या खात्याचं नाव भरलं, त्याचा पासवर्ड भरला, सेवेचा पत्ता भरला. कोपऱ्यातली खूण खातं बदलताना लाल झाली होती, ती पुन्हा हिरवी झाली. हेमराज चष्मा पुसून जवळ येऊन बघत होता. मग तिने आपला मोबाईल काढला, आपल्या खात्यात दुसरंच नाव लिहिलं, आणि फोन लावला.

चौरंगावरचा फोन वाजला. या वेळी कोणी उठलं नाही.

हेमराजने काचेवरचं एकेक अक्षर लावत वाचलं, "स्व-र्ग-वा-सी... ध्व-नि-ना-थ!"

"उचला महाराज," रश्मी म्हणाली. "तुम्हीच बोलून राहिले. वरून."

ध्वनिनाथ महाराज तिथेच, चौरंगाशेजारी, धडधाकट, घामाघूम उभे होते. बाबूलालने एकदा फोनकडे बघितलं, एकदा महाराजांकडे, आणि मुकाट्याने टोपी घातली.

"तरी मी म्हनो," कलाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "सासू फोनवर येवढी गोड कशी बोलली! जित्ती असताना तं एकदा बी बोलली नाई. तवाच समजाले पायजे होतं मले."

महाराजांनी मांडवाच्या मागच्या बाजूने निसटायचा प्रयत्न केला, पण खाणीत काम केलेली माणसं दगडाला हलू देत नाहीत, तर माणसाला काय देतील. हेमराजने ठाण्यात फोन लावला, तोही आपल्या साध्या मोबाईलवरून. या राज्यात असल्या लुच्चेगिरीविरुद्ध कायदा आहे. तो वापरायचा असतो. बॅटरी, डबी, फोन, सगळं जागच्या जागी पोलिसांच्या ताब्यात दिलं.

ते बघायला मी मात्र थांबलो नाही. चंद्रकला मांडवातून धावत सुटली होती, तिच्यामागे रश्मी, आणि त्यांच्यामागे धापा टाकत मी. बाईने पोरीला लहान लेकरासारखं उचललं. कोणाला हात लावू दिला नाही. जीपमध्ये रुचिकाचं डोकं तिने मांडीवर घेतलं. तुमसरच्या रस्त्यावरचे खड्डे चुकवत ड्रायव्हर जमेल तसा हळू, जमेल तसा लवकर नेत होता. प्रत्येक हादऱ्याला पोरगी कण्हायची.

मध्येच तिने डोळे उघडले. "आई... बाबाचा फोन आला होता का? दवाखान्यात जा म्हनला का तो?"

चंद्रकलेने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही हो म्हणेल. पोरीला एवढं दुखत असताना हो म्हणणं किती सोपं होतं! मी तिच्या जागी असतो तर म्हणालो असतो, वरून डोमाचीही साक्ष काढली असती.

"नाई बेटा," ती म्हणाली. "तुह्या बाबाचा फोन आला नाई. कवाच आला नव्हता. तो मेला. मेलेला मानूस फोन करत नाई." तिने पोरीचे केस मागे सारले. "दवाखान्यात मी नेऊन राहिलो तुले. मी सांगतो. अन् आता रोज गोळी देईन तेही मीच."

रुचिका नऊ-दहा दिवस दवाखान्यात राहिली आणि चालत घरी आली. ती वाचली म्हणून ही गोष्ट मी हसत सांगू शकतो. गोळी सोडल्यावर सगळीच पोरं अशी वाचत नाहीत, आणि जी जात असतील, त्यांच्या नावानेही उद्या कुठल्या तरी मांडवात फोन वाजेल.

म्हणून सांगतो, मी थापाड्या माणूस, थापेची जात ओळखतो. जी थाप ऐकून तुम्ही हसता आणि घरी जाऊन जेवता, ती खुशाल ऐका. पण जी थाप तुमच्या लेकराचं औषध सोडायला सांगते, तिच्यापुढे उठून उभे राहू नका, चपला काढू नका. तिची मखमल ओढा. खाली वायर असतेच.